डोंग्यावरची धपधप

चिखलझरीच्या तलावावर तानबा पचारे बावीस वर्षं राखण करत होता, आणि या बावीस वर्षांत त्यानं एकाही माणसावर सबंध विश्वास ठेवला नव्हता. सोसायटीच्या अध्यक्षावर नाही, सख्ख्या भाच्यावर नाही, बायकोवर तर निम्माच. "पान्यात काय हाय ते वरून दिसत नाई, मानसाचंही तसंच," असं तो म्हणायचा आणि ज्याला म्हणायचा त्याच्याकडेच डोळे बारीक करून बघायचा. समोरच्याला उगाच आपण काहीतरी चोरलंय असं वाटायला लागायचं.

गिरडच्या टेकडीच्या मागच्या अंगाला हे गाव. अर्धी घरं कास्तकारांची, अर्धी ढिवरांची. तलाव ढिवरांच्या मच्छीमार सोसायटीकडे. तलावाचा राखणदार सोसायटी दर दसऱ्याला नेमते. त्याला एक शिटी मिळते, एक बांबूची काठी आणि पाळीवरची, म्हणजे तलावाच्या बांधावरची, झोपडी. बाकी म्हणाल तर काही नाही. पण गावातून चालताना हातात ती काठी असली की पोट्टे बाजूला होतात, आणि तानबाला तेवढं पुरत होतं. शेत नाही, पोरगं नाही, होतं ते राखणदारपण. ते गेलं असतं तर तानबा म्हणजे फक्त एक म्हातारा उरला असता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणि संशयी माणूस राखणीला चांगला, हे कबूल करायला पाहिजे. बारा वर्षांमागे बाजारात त्यानं एक कतला हातात घेतला, पाठीवरून अंगठा फिरवला आणि सरळ सांगून टाकलं की हा मासा जाळ्यात मेलेला नाही. कणा मोडलेला होता. कोणीतरी पाण्यात बॅटरीच्या तारा सोडून करंट मारत होतं. करंटनं मोठा मासा तर मरतोच, बारीक पिल्लंही सगळी उताणी होतात आणि पुढच्या सालाला तलावात नुसतं पाणी उरतं. चौथ्या दिवशी तानबानं बाहेरगावची दोन माणसं तारांसकट धरून दिली. ती धरली कशी? टिटव्यांनी सांगितलं. पाळीच्या खडकाळीत टिटव्यांची दोन-तीन जोडपी राहायची. तिकडं परकं पाऊल पडलं की त्या ओरडून आभाळ डोक्यावर घ्यायच्या. तानबा म्हणायचा, राखणदार त्या, मी नुसता काठीवाला.

पण यंदा गावाला काय झालं होतं कोण जाणे! जो तो तोंडातल्या तोंडात बोलत होता. दुकानापाशी चार माणसं बसलेली असली आणि तानबा गेला की त्यांचे ओठ हलायचे, आवाज मात्र नसायचा. शोभाबाई, त्याची बायको, आधी पुटपुटायची आणि मग एकाएकी भांडल्यासारखी किंचाळायची. शिटी तर अगदीच फुसकी निघाली. दोनदा बदलून आणली तरी तेच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाळीवरच्या टिटव्या गेल्या होत्या. पावसाळा सरला तरी एकदासुद्धा ओरडल्या नव्हत्या.

"कोनीतरी फासे लावून पकडल्या," तो शोभाबाईला म्हणाला. "ज्याले तलाव लुटायचा हाय, तो आधी टिटव्याच हटवन."

शोभाबाई भाकरी थापता थापता थांबली. त्याच्याकडे बघत राहिली. मग काहीतरी बोलली.

"काऊन वं पुटपुटून राह्यली?"

"अवो, एकदा सेवाग्रामच्या दवाखान्यात जाऊन येऊ म्हनलं!" ती ओरडली.

"मले काय धाड भरली?" तानबा म्हणाला आणि ताट सरकवून उठला. बायकोही त्या लुटारूंना सामील झाली की काय, असं त्याच्या मनात आलं. आलं ते आलंच.

नवरात्राच्या आधी अध्यक्ष रूपरावजी झोपडीवर आले. चांगला माणूस, पण गोड बोलणारा, म्हणजे तानबाच्या हिशेबात दुप्पट वाईट. अगदी जवळ बसून म्हणाले, "तानबाजी, लय वर्स केलं तुमी. अवंदा दसऱ्याले जरा दुसऱ्याचं बगू म्हंतो. पोट्टे प्रेमदासचं नाव घेऊन राह्यले."

प्रेमदास! तानबाच्या बहिणीचा पोरगा. तलावात जाळं टाकायचा आणि उरलेल्या वेळात गावातल्या विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. हात सोन्याचा, तोंडानं कमी. आता जो कमी बोलतो तो काहीतरी लपवतो, यात तानबाला कधीच शंका नव्हती. त्या दिवसापासून त्यानं तलावापेक्षा प्रेमदासच्या घरावर जास्त राखण केली.

आणि खरंच, बघण्यासारखं तिथं पुष्कळ निघालं.

पहिल्याच दिवशी तानबा गेला तर प्रेमदास बापाचा डोंगा, म्हणजे मासेमारीची लहान होडी, कापत होता. ही काही साधी गोष्ट नव्हे. चिखलझरीत डोंगा पालथा घालतात तो दोनच कारणांनी. एक, धनी मेला म्हणून. दुसरं, सोसायटीनं धन्याला चोर ठरवलं म्हणून. चोर ठरला की त्यानं स्वतःच्या हातानं आपला डोंगा ओढून पाळीवर पालथा घालायचा आणि होळीपर्यंत तो तसाच राहायचा. येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघायचा. एकमेकांवर जळून खोट्या तक्रारी व्हायला लागल्या तेव्हा खुद्द तानबानं या कायद्याला एक पुरवणी जोडली होती: तक्रार खोटी निघाली तर तक्रार करणाऱ्याचा डोंगा पालथा. प्रेमदासचा बाप सात वर्षांमागे वारला, तेव्हापासून त्याचा डोंगा घरामागे पालथा पडला होता. त्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती, आणि हा पोरगा त्याच्या फळ्या काढून मापात कापत होता.

"बापाचा डोंगा कायले कापतं बे?"

प्रेमदासनं करवत थांबवली. काहीतरी म्हणाला. ओठ हलले, झालं.

"चांगलं खुल्लं बोल ना!"

"काम हाय, मामाजी!" प्रेमदास ओरडला आणि कसनुसा हसला.

काम हाय म्हणे. तानबाच्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच.

दुसऱ्या दिवशी त्या फळ्यांचं एक खोकं झालं होतं. गुडघ्याएवढं उंच, जाड, सहाही बाजूंनी बंद. प्रेमदासनं सांध्यांत लाकडाचा भुसा आणि फेविकॉल कालवून भरलं आणि वरून डोंग्याला लावतात ते डांबर चोपडलं. घरात ठेवायच्या खोक्याला डांबर कोण लावतं? जे पाण्यावर न्यायचंय त्याला लावतात. तिसऱ्या दिवशी खोक्याला समोरून ताटाएवढं गोल भोक पडलं आणि त्याच्या बाजूला वाटीएवढं दुसरं. लहान भोकात प्रेमदासनं मोटारीच्या पाइपाचा वीतभर तुकडा ठोकून बसवला. तानबा तुऱ्हाट्यांच्या कुडाला डोळा लावून उभा होता आणि त्याला ते पाइपाचं भोक दिसल्याबरोबर सगळं उमगलं. इथून तारा पाण्यात सोडायच्या! वरून बघणाऱ्याला नुसतं खोकं दिसेल!

चौथ्या दिवशी ट्रॅक्टरची जुनी बॅटरी आली. हिंगणघाटच्या भंगारातून एक पोतडं आलं, त्यात काळं काहीतरी जड, वाटोळं. सायकलच्या ट्यूबची गोल पट्टी कापून प्रेमदासनं ते मोठ्या भोकात घट्ट आवळून बसवलं. आणि मग त्यानं जे केलं ते बघून तानबाच्या अंगावर काटा आला. प्रेमदासनं उदबत्ती पेटवली. एका हाताचा तळवा त्या काळ्या वाटोळ्यावर हळूहळू दाबायचा, दुसऱ्या हातानं उदबत्ती खोक्याच्या एकेका सांध्यापाशी धरायची आणि धूर कुठं हलतो ते डोळा न लववता बघायचं. एका कोपऱ्यात धूर फुर्रकन बाजूला झाला, तिथं त्यानं आणखी डांबर भरलं.

"पूजा करून राह्यला भैताड," तानबा स्वतःशी म्हणाला. "पापाचं यंत्र, अन् त्याची पूजा!"

पाठीला कोणीतरी हात लावला तसा तो दचकून उडालाच. प्रेमदासची बायको मयुरी हातात चहाचा कप घेऊन उभी होती. ती कधी आली, पायातली जोडवी कधी वाजली, त्याला काहीच कळलं नव्हतं. मांजरीच्या पावलानं चालते, म्हणजे हीसुद्धा त्यातलीच. चहा मात्र त्यानं घेतला. चहाशी त्याचं वैर नव्हतं.

नवरात्रात चिखलझरीचे ढिवर जाळं टाकत नाहीत. नऊ दिवस पाणी देवीचं. गावच्या देवीचं विसर्जन याच तलावात होतं आणि ती जाईपर्यंत पाण्यात कोणी हात घालायचा नाही. म्हणून सप्तमीच्या संध्याकाळी, सूर्य अजून टेकडीवर असताना, तानबानं पाळीवरून जे ऐकलं त्यानं त्याचं डोकं तडकलं.

धप. धप. धप-धप. धप.

पाण्याच्या मधोमध प्रेमदासचा डोंगा आणि त्यात ते खोकं. जाळं लावलं की ढिवर डोंग्याच्या फळीवर दांडकं आपटतात, त्या धपधपीला भिऊन मासे जाळ्याकडे पळतात. तीच ही धपधप, पण दहापट मोठी. पाळीच्या दगडातून तानबाच्या पायाला जाणवत होती. देवीच्या दिवसांत मासे हाकलतोय! आधी आवाजानं एका जागी गोळा करणार, मग करंट सोडणार! तानबानं छाती फुगवून शिटी फुंकली. फुसकी शिटी, नेहमीसारखीच. पण प्रेमदासनं लगेच मान वर केली, खोक्यावर घाईनं पोतं टाकलं आणि धपधप बंद झाली.

पोतं का टाकलं? सांगा बरं! ज्याच्या मनात काही नाही तो पोतं टाकेल का?

तानबा तसाच रूपरावजींच्या दारात गेला. "प्रेमदासच्या नावानं तक्रार. लिहून घ्या. करंटचं यंत्र, अन् देवीच्या दिवसात मासे हाकलनं."

रूपरावजींनी त्याला खाटेवर बसवलं आणि कानाजवळ तोंड आणून म्हणाले, "तानबाजी, तुमचा भाचा हाय तो. आधी इचारून पाहू ना."

"भाचा हाय म्हनूनच! राखनीत नातं नाई पाह्यलं मी कधी."

"खोटी निगाली तर कायदा मालूम हाय ना? तुमचाच हाय."

"मालूम हाय. निगाली तर माहा डोंगा पालथा. लिहा तुमी."

त्या रात्री त्याला मस्त झोप लागली. आता दसऱ्याला काठी कोण मागतो ते बघू.

अष्टमीला सकाळी सगळी सोसायटी पाळीवर जमली. बायका-पोरंही आली, कारण असा तमाशा काही रोज नसतो. प्रेमदासनं खोकं आणून मधोमध ठेवलं आणि न बोलता पान्यानं एकेक नट सैल केला. काळं वाटोळं बाहेर निघालं. तो एक मोठा स्पीकर होता, कुठल्यातरी भंगारातल्या गाडीचा. खोक्याच्या आत हात घालून रूपरावजींनी चाचपलं. आत काही नव्हतं, नुसती बापाच्या डोंग्याची फळी.

"अन् हे भोक?" तानबा गरजला. "तार सोडाले नाई तर कायले?"

प्रेमदास मामाच्या अगदी पुढ्यात येऊन उभा राहिला आणि जोरानं, एकेक शब्द तोडून बोलला. आयुष्यात तो एका दमात इतकं बोलला नसेल. "हवा निगाले, मामाजी! त्याच्यानं आवाज भारी होते. दरसाली देवी निगाली का डीजे पाळीवरच राह्यते. गाडी पान्यात येत नाई. अन् देवी मधात जाते ते मुकी, एकटी. अवंदा वाजत जाईन म्हनलं. तुमाले आधी सांगतलं असतं तर मासे भेतेत म्हनून तुमी बंद केलं असतं. म्हनून लपवलं."

"अन् बापाचा डोंगा?"

प्रेमदासनं खोक्यावर हात ठेवला. "सात वर्सापासून पालथा हाय. पान्यातला मानूस होता बाबा. म्हनलं, देवीसंगं एकदा त्याचंही लाकूड पान्यात जाऊ द्या."

बायकांमधून कोणीतरी डोळ्याला पदर लावला. तानबाचीही नजर त्या फळीवर गेली, पण इतक्यात ढिला पडेल तो तानबा कसला! त्याच्याकडे अजून एक पुरावा होता आणि तो पक्का होता.

"खोटं बोलते हा!" तो ओरडला. "काल गानं नव्हतं वाजत. मी या कानानं आयकलं. नुसती धपधप होती. मासे हाकलाची धपधप!"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. रूपरावजी म्हणाले, "ठीक हाय. काल जथी होता तथूनच वाजव रे प्रेमदास. सगळेच आयकू."

स्पीकर परत आवळला. डोंगा निघाला, मधोमध जाऊन थांबला. प्रेमदासनं कालच्यासारखेच खोक्यावर दोन लहान स्पीकर ठेवले, तार जोडली आणि हात वर केला.

धप. धप. धप-धप. धप.

तानबानं काठी आपटली. त्याचा चेहरा उजळला होता. "आयका! आयका आता! गानं कुठी हाय? हाय का गानं? नुसती धपधप!"

तानबा वळला. समोर पोरं टाळ्या वाजवत होती, त्या धपधपीच्या मध्ये, जिथं काहीच नव्हतं तिथंही. मयुरीचे ओठ हलत होते. तिच्या बाजूच्या म्हातारीचेही हलत होते, दोघींचे एकदम, सारखेच. मागच्या बायकांचेही. सगळा गाव एकच गाणं म्हणत होता आणि तानबापर्यंत त्यातला एक शब्दही पोचत नव्हता. एकेक करून लोकांचं त्याच्याकडे लक्ष गेलं आणि एकेक ओठ थांबला. टाळ्याही थांबल्या. रूपरावजींनी मान खाली घातली. शोभाबाई तेवढी त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून सरळ धारा लागल्या होत्या.

धप. धप. पाळीचा दगड पायाखाली हलत राहिला.

तानबा तसाच उभा राहिला. दुकानापाशी हलणारे ओठ, शोभाबाईचं किंचाळणं, मयुरीची मांजरीची पावलं, तीन-तीन फुसक्या शिट्या, सगळं त्याच्या समोर येऊन उभं राहिलं. बावीस वर्षं जगावर संशय घेणाऱ्या माणसानं एका गोष्टीवर कधी संशय घेतला नव्हता. ती गोष्ट त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना होती.

कोणी त्याला काही म्हणायच्या आत तो उतरला आणि आपल्या डोंग्याकडे गेला. रूपरावजींनी "ऱ्हाऊ द्या" म्हणून हात केला, तो त्यानं बघितला आणि न बघितल्यासारखं केलं. कायदा त्याचाच होता. डोंगा ओढत त्यानं पाळीवर आणला, पण पालथा घालणं एकट्याचं काम नाही. दोनदा जोर केला, दोनदा डोंगा परत बसला. त्याला धाप लागली. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटत होती. आता पुढं काय, हीच.

तिसऱ्यांदा जोर केला तेव्हा डोंगा हलका झाला. दुसऱ्या टोकाला प्रेमदास होता, ओल्या पायांनी. दोघांनी मिळून तो पालथा घातला. मग प्रेमदास डोंग्याला टेकून उभा राहिला आणि काहीतरी बोलला. ओठ हलले.

तानबानं मान डोलावली. बरेच दिवस तो असंच करत आला होता, मान डोलवायची आणि मनात संशय घ्यायचा. मग तो थांबला.

"जोरात बोल, प्रेमदास," तो म्हणाला. "मले आयकू येत नाई."

हे वाक्य त्यानं आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. प्रेमदास जवळ आला. त्याच्या कानाशी वाकून म्हणाला, "म्हनलं, डोंगा होळीलोक नाई ठेवाचा पालथा. परवा देवी घेऊन जायचं हाय आपल्याले. वल्हं तुमी मारजा."

तानबानं पालथ्या डोंग्यावर हात टेकला. मग त्यानं विचारलं, "टिटव्या हायेत का रे?"

"कुठी?"

"इथी. खडकाळीत. वरडतेत का?"

प्रेमदासनं मामाकडे बघितलं, आणि आता कुठं त्याला समजलं. "रोज वरडतेत, मामाजी," तो म्हणाला. "आत्ताही वरडून राह्यल्या."

तानबानं खडकाळीकडे नजर लावली. एक टिटवी लांब पायांवर उभी होती. तिची चोच उघडत होती, मिटत होती, पुन्हा उघडत होती.

त्यानं गळ्यातली शिटी काढली, प्रेमदासचा हात धरून त्यात ठेवली आणि त्याची बोटं मिटवली.

"टिटवी वरडली का उठजो," तो म्हणाला.